मुलाचं हायपोस्पेडियासचं ऑपरेशन: आत्ता करावं का, कोणाकडे, आणि पुढे काय?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. विषय घरचा आहे, पण ज्यांना विचारायचं त्या सगळ्यांना विचारून झालं आणि प्रत्येकाने वेगळं सांगितलं, म्हणून इथे लिहितोय.

मुलगा नऊ महिन्यांचा आहे. शूचं छिद्र टोकाला नाही, खालच्या बाजूला, मुंडाच्या (टोकाच्या गोल भागाच्या) खाचेच्या जरा मागे आहे. पुढची कातडी वरून भरपूर, खालून जवळजवळ नाहीच. जन्मला तेव्हा बालरोगतज्ज्ञांनी फाइलवर 'हायपोस्पेडियास' लिहिलं आणि 'सहा महिन्यांनी सर्जनला दाखवा' म्हणाले. घरच्यांना मात्र ते मालिशवाल्या मावशींकडून कळलं, आणि त्यांच्यापासून गल्लीला.

सांगलीतले सर्जन म्हणतात दीड वर्षाच्या आत करून टाकू. आमचे जुने फॅमिली डॉक्टर म्हणतात, पाच वर्षांचा होऊ दे, अवयव मोठा झाला की काम सोपं जातं. आई म्हणते, धार लागते ना, मग कापाकापी कशाला? आणि एका चुलत सासूबाईंनी बायकोला विचारलं, ग्रहणात सुरी हातात धरली होतीस का. तेव्हापासून ती त्या घरी गेलेली नाही, मीही आग्रह केलेला नाही.

वय नक्की कोणतं बरोबर? एवढ्या लहान जिवाला भूल झेपते का? पेडिॲट्रिक सर्जन, युरॉलॉजिस्ट की प्लास्टिक सर्जन? आणि ऑपरेशननंतर शूसाठी नळी लावलेलं रांगतं पोर घरात सांभाळतात तरी कसं?

रानजाई

वहिनींना सांगा, इथल्या बऱ्याच आयांनी हे ऐकलेलं आहे. मला पपई खाल्लीस का म्हणून विचारलं होतं.

आमच्या लेकाचं सव्वा वर्षाचा असताना झालं, आता तो दुसरीत आहे. छिद्र खाचेजवळच होतं, अवयवाला खालच्या बाजूला असतो तो वाक किरकोळ. सकाळचा पहिला नंबर होता, दोनेक तासांत बाहेर आणला. संध्याकाळपर्यंत चिडचिड केली, दुसऱ्या दिवशी वरणभात खाऊन जेसीबी चालवायला बसला. आम्हीच अर्धमेले झालो होतो.

टाक्यांच्या दुखण्यापेक्षा त्याला कळांचा त्रास जास्त झाला. नळी आत असली की मूत्राशय मधूनच आवळतं. खेळता खेळता पोर एकदम पाय पोटाशी घेऊन किंचाळतं आणि मिनिटभरात शांत होतं. पहिल्यांदा बघाल तेव्हा काळजाचा ठोका चुकेल. आम्हाला त्यासाठी ऑक्सिब्युटिनिनचं सिरप दिलं होतं, त्याने फरक पडला. पण त्या औषधाने शी घट्ट होते, आणि मूल कुंथलं की ताण नको तिथे येतो. त्यामुळे शी मऊ राहण्याचं औषध डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या, तिसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

ड्रेसिंग निघाल्यावर जे दिसतं त्याची मनाची तयारी ठेवा. काळंनिळं, सुजलेलं, हे आपल्या मुलाचं आहे असं वाटणारच नाही. सूज पूर्ण उतरायला बरेच आठवडे जातात. त्या काळात कोणालाही दाखवू नका, मावशींना तर नाहीच.

चकवा

ग्रहणाबद्दल: ते लाखो गरोदर बायांच्या डोक्यावर एकाच वेळी लागतं, आणि त्यातल्या बहुतेक त्या दिवशीही भाजी चिरत असतात. चुलत सासूबाईंना हा हिशोब मांडायला सांगा.

तुरटी

थोडं विरोधात लिहितो, राग मानू नका. धार नीट आहे, वाक नाही किंवा नगण्य आहे, तर ऑपरेशन नक्की कोणासाठी? १९९५ मध्ये जर्मनीतल्या डॉक्टरांनी ५०० प्रौढ पुरुष तपासले होते, दुसऱ्याच कारणासाठी रुग्णालयात आलेले. त्यातल्या जवळजवळ निम्म्यांचं छिद्र पुस्तकात दाखवतात त्या जागी नव्हतं, आणि १३ टक्क्यांना चक्क हायपोस्पेडियास म्हणता येईल असा प्रकार होता. बहुतेकांना त्याचा पत्ताच नव्हता. लग्नं झाली, मुलं झाली, उभ्याने लघवी केली.

शिवाय शरीर त्या मुलाचं आहे. तामिळनाडूत २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या निकालानंतर आंतरलिंगी बाळांवर अशा शस्त्रक्रियांना सरकारने बंदी घातली. बापाला नीटनेटकं दिसावं म्हणून नऊ महिन्यांच्या मुलाला टेबलावर घ्यायचं का, एवढाच प्रश्न आहे.

निमसरकारी

तुरटीराव, निमसरकारी अनुभव सांगतो. होस्टेलच्या सामायिक न्हाणीघरात तुमचे ते ५०० जर्मन नसतात.

सातवा_मजला

मी बालशल्यचिकित्सक आहे. नाव-गाव लिहीत नाही, कारण मग व्यनिमधून (खासगी निरोपांतून) अपॉइंटमेंटा सुरू होतात. या बाळाला मी तपासलेलं नाही, म्हणून सर्वसाधारण लिहितो.

साधारण २०० ते ३०० मुलग्यांमागे एकाला हे असतं, आणि त्यातले ७० टक्क्यांच्या आसपास पुढच्या भागातले, म्हणजे धागाकर्त्याने वर्णन केलंय तसे. छिद्राची जागा, वाक आणि खालून अपुरी कातडी, अशा तीन गोष्टी यात मिळून असतात. पालक पहिलीकडे बघतात, आम्ही दुसरीकडे. वाक ताठरता आल्याशिवाय कळत नाही, म्हणून मी आईवडिलांना सांगतो की सकाळी बाळ उठताना ताठरता दिसली तर बाजूने एक फोटो काढून ठेवा. आणि ऑपरेशनच्या वेळी, भूल दिल्यावर, सलाइन टोचून ताठरता आणून बघतो. ही युक्ती १९७४ पासून वापरात आहे. ओपीडीत 'साधं आहे' म्हटलेली केस त्या क्षणी दोन टप्प्यांची ठरू शकते. तुमच्या सर्जननी ही शक्यता सांगितली नसेल तर तुम्ही विचारा.

मूत्रमार्ग गर्भाच्या साधारण आठव्या ते सोळाव्या आठवड्यात मागून पुढे बंद होत येतो, आणि ते घडतं बाळाच्या स्वतःच्या वृषणातून निघणाऱ्या संप्रेरकाच्या जोरावर. तो जोर कमी पडला, किंवा त्या भागाने त्याला प्रतिसाद दिला नाही, की बंद होणं मध्येच थांबतं. कमी वजनाच्या बाळांत, वार नीट काम करत नसेल तर, आणि वडिलांना किंवा भावाला असेल तर प्रमाण जास्त दिसतं. बऱ्याच मुलांत एक ठाम कारण सापडत नाही. सुरी, पपई, जिना चढणं यांचा संबंध नाही, हे मी आजीसमोर मोठ्याने सांगतो. तेवढ्यासाठी आजीला ओपीडीत घेऊन या.

वयाबद्दल. अमेरिकन बालरोग अकादमीने १९९६ मध्ये ६ ते १२ महिने सुचवलं, युरोपातल्या मार्गदर्शक सूचना ६ ते १८ महिने म्हणतात. या वयात मूल डायपरमध्ये असतं, ड्रेसिंगशी झटत नाही, जखम छान भरते आणि आठवण राहत नाही. तुमच्या फॅमिली डॉक्टरांचं म्हणणं एके काळी बरोबर होतं. तेव्हा भिंगं नव्हती आणि दोरे जाड होते. आता आम्ही डोळ्यांवर भिंगं लावून ७-० चा विरघळणारा दोरा वापरतो, त्याची जाडी साधारण मिलिमीटरचा विसावा भाग असते. आणि पहिल्या वर्षानंतर वयात येईपर्यंत हा अवयव फार सावकाश वाढतो, त्यामुळे पाच वर्षं थांबून हाताला फारसं काही जास्त मिळत नाही. चार-पाच वर्षांचं मूल मात्र सगळं समजतं, घाबरतं, आणि नळी ओढतं.

पुढच्या प्रकारात सध्या सर्वांत जास्त केलं जाणारं ऑपरेशन स्नॉडग्रास यांचं, १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेलं. छिद्रापासून टोकापर्यंत जी गुलाबी पट्टी असते तिला मधोमध उभी चीर द्यायची, म्हणजे ती रुंद होते, आणि मग तिचीच नळी शिवायची. त्यावर रक्तपुरवठा असलेल्या आतल्या थराचा एक पदर पांघरायचा, मग मुंडाच्या दोन बाजू जवळ आणायच्या, शेवटी कातडी. तो मधला पदर हा या ऑपरेशनचा जीव आहे. नळीची शिवण आणि कातडीची शिवण थेट एकमेकांवर आल्या की गळती होते.

छिद्र खूप मागे असेल किंवा वाक जास्त असेल तर ही पट्टीच कापून सरळ करावं लागतं. मग पुढच्या कातडीच्या आतल्या भागाचं कलम बसवायचं आणि किमान सहा महिन्यांनी त्याची नळी करायची. म्हणून पुढची कातडी हे भांडवल आहे, ती आधी कोणी कापू नये. याच कातडीची नळी करून एका बैठकीत दुरुस्ती करण्याची पद्धत आग्र्याच्या आसोपांनी १९७१ मध्ये मांडली. परदेशी पाठ्यपुस्तकांत आजही ती त्यांच्या नावाने शिकवतात. आपल्याकडे फारसं कोणाला माहीत नसतं, म्हणून हे अवांतर.

निकालाबद्दल खरं बोलतो. पुढच्या प्रकारात, नियमित करणाऱ्याच्या हातून, साधारण ५ ते १० टक्के मुलांना काहीतरी गुंतागुंत होते. मागच्या प्रकारात तीनातल्या एकाला तरी पुन्हा टेबलावर यावं लागतं, कधी निम्म्यांना. 'शंभर टक्के गॅरंटी' म्हणणाऱ्याच्या खुर्चीसमोरून उठा. पदवी कोणती यापेक्षा वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता, फिस्टुला (शिवणीतून गळणारं भोक) किती होतात आणि झाला तर तुम्हीच दुरुस्त करता का, हे विचारा. चांगला सर्जन या प्रश्नांनी चिडत नाही. पहिल्या ऑपरेशनला जी कोरी कातडी मिळते ती नंतर कधीच मिळत नाही.

एक तातडीची गोष्ट, बाकी काही वाचलं नाही तरी चालेल. हायपोस्पेडियास आहे आणि त्याबरोबर एक किंवा दोन्ही वृषण हाताला लागत नाहीत, तर 'दीड वर्षाने बघू' चालत नाही. दोन्ही लागत नसतील तर ते बाळ मुलगी असू शकतं, ॲड्रिनल ग्रंथीच्या जन्मजात आजारामुळे बाहेरून मुलासारखं दिसणारं. त्या आजारात पहिल्या काही आठवड्यांत शरीरातलं मीठ कमी होऊन जिवावर बेतू शकतं. रक्ततपासणी, सोनोग्राफी, गुणसूत्रं, सगळं लगेच. कृष्णाकाठ, तुमच्या मुलाचे दोन्ही जागेवर असतीलच, पण फाइलमध्ये तसं लिहिलंय का ते बघा.

कृष्णाकाठ

डॉक्टर, मनापासून आभार. फाइल काढून पाहिली, दोन्ही खाली आहेत असं लिहिलंय.

तुरटी

डॉक्टरसाहेब, माझ्या प्रश्नाला बगल दिलीत.

सातवा_मजला

नाही दिली, ओपीडी होती.

तुमचा मुद्दा अर्धा मला मान्य आहे. छिद्र मुंडावरच, जरा खाली, धार सरळ, वाक नाही, अशा मुलांच्या पालकांना मी स्वतः सांगतो की नाही केलं तरी चालेल. काही जण ऐकतात, काही दुसरीकडे जाऊन करून घेतात. मुंडावरच्या साध्या प्रकारात फक्त दिसण्यासाठी केलेल्या ऑपरेशनमुळे फिस्टुला घेऊन आलेलं मूल पाहिलं की माझाही जीव जळतो. पण खाचेच्या मागे गेलं की धार खाली किंवा मागे पडायला लागते, मुलगा बसून लघवी करायला लागतो, आणि वाक असेल तर पुढे संबंधांच्या वेळी अडचण येते. तिथे 'मोठा झाला की ठरवेल' म्हणताना हेही मोजा की पंधरा-सोळाव्या वर्षी हेच ऑपरेशन जास्त दुखतं, आणि त्या वयात येणाऱ्या ताठरतेने टाके ताणले जातात.

तामिळनाडूचा आदेश ज्या बाळांचं लिंग ठरवणंच अवघड आहे त्यांच्यासाठी आहे. इथे मुलगा आहे याबद्दल शंका नाही, त्यामुळे ती गोष्ट वेगळी. छिद्र फार मागे आहे, वृषण जागेवर नाहीत, तिथे मात्र तुमचा प्रश्न अगदी योग्य आहे, आणि तिथे एकट्या सर्जनने निर्णय घेऊच नये.

तुरटी

ठीक. निदान 'नाही केलं तरी चालेल' असं काहींना सांगितलं जातं हे कळलं. ते पालकांपर्यंत फार कमी पोचतं.

कोरी_पाटी

भूलतज्ज्ञ आहे, भुलेपुरतं लिहिते. २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, इशारा दिला होता की तीन वर्षांखालच्या मुलांना वारंवार किंवा तीन तासांहून जास्त भूल दिल्यास मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. त्यानंतर हर्नियाच्या ऑपरेशनसाठी तासाभराच्या आत भूल दिलेल्या तान्ह्या बाळांचा पाच वर्षांपर्यंत पाठपुरावा झाला. २०१९ मध्ये त्याचे निकाल आले, फरक दिसला नाही. हायपोस्पेडियासला दीड-दोन तास लागतात, म्हणजे या दोन्हींच्या मधलं. म्हणून आम्ही एका वेळची, गरजेपुरती भूल देतो आणि जोडीला कंबरेच्या खाली, माकडहाडाजवळ, कॉडलचं इंजेक्शन देतो. त्यामुळे झोपेचं औषध कमी लागतं आणि उठल्यावर काही तास दुखत नाही. 'कण्यात सुई' ऐकून घाबरू नका, ते मूल झोपल्यावर देतात. कॉडलमुळे फिस्टुला वाढतो का यावर सर्जन आणि आम्ही अजून भांडतो. काही सर्जन त्याऐवजी फक्त त्या जागेच्या शिरा बधिर करायला सांगतात, तेही चालतं.

तुमच्या हातात असलेली गोष्ट म्हणजे उपाशी ठेवणं. अंगावरचं दूध चार तास आधीपर्यंत, वरचं दूध आणि खाणं सहा तास, साधं पाणी दोन तास. आजी 'रडतोय बिचारा' म्हणून पहाटे बिस्कीट भरवते आणि सकाळी केस रद्द होते, हे दर महिन्याला घडतं. सर्दी-खोकला असेल तरी लपवू नका.

मिरकरवाडा

रत्नागिरीहून. आमच्याकडे असं मूल जन्मलं की मोठी माणसं खूश होतात, सुंता अल्लाकडूनच करून आली म्हणतात. माझ्या पुतण्याच्या वेळी दादीने पेढे वाटले होते. गंमत अशी की वरून कातडी होती, ती 'उरलेली' काढायला एक जण तयारच बसला होता. नशीब, भावाने आधी डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले, हीच कातडी मला लागणार आहे, हात लावू नका. ऑपरेशनमध्ये ती वापरली गेली आणि त्यातच सुंताही झाली, त्यामुळे दादीचंही समाधान. आपल्या समाजातल्या कोणी हे वाचत असेल तर एवढंच, आधी सर्जन, मग बाकी सगळं.

शिवणयंत्र

आमची गोष्ट गोड नाही, पण लिहायला हवी. मुलाचं छिद्र थेट वृषणाच्या पिशवीजवळ. तालुक्याच्या गावी एका सर्जननी 'एका झटक्यात करून देतो' म्हणून केलं. पाचव्या दिवशी सगळं उसवलं. मग वर्षभर आम्ही कोणाकडेच गेलो नाही, हिंमतच नव्हती.

नंतर मोठ्या शहरात दाखवलं. त्या डॉक्टरांनी आधी इंजेक्शनं दिली, टेस्टोस्टेरॉनची, महिन्याच्या अंतराने, जागा जरा मोठी व्हावी म्हणून. बायको घाबरली होती की लेकराला दाढी फुटेल. तिथे थोडी लव आली, नंतर गेली. मग पहिला टप्पा. पुढची कातडी आधीच वापरून संपलेली, म्हणून गालाच्या आतलं अस्तर काढून लावलं. तोंडात टाके असल्याने काही दिवस पेज आणि आइसक्रीम, तेवढाच त्याचा फायदा झाला. दुसऱ्या टप्प्यात नळी. त्यानंतर मुळाशी एक बारीक भोक राहिलं, दोन धारा यायच्या. त्यांनी सांगितलं, सहा महिने हात लावायचा नाही, सूज पूर्ण जाऊ दे, मग बंद करू. त्या सहा महिन्यांत शेजारपाजारच्यांनी किती सल्ले दिले ते सांगत नाही. शेवटी बंद केलं, आणि बंद राहिलं.

आता मुलगा आठवीत आहे. धार एक आहे.

ज्यांचा प्रकार मागचा आहे त्यांनी पहिल्याच वेळी दोन टप्प्यांची मानसिक आणि पैशांची तयारी ठेवा. एका झटक्यात म्हणणारा तुमची तयारीच करून घेत नाही, आणि मग उसवलं की सगळं कोसळतं.

मांजराकाठ

पैशाचं निघालंच म्हणून लिहितो. आम्ही लातूरकडचे, हातावरचं पोट. माझ्या भाच्याचं अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी आली तेव्हा निघालं. त्याच डॉक्टरीणबाईंनी जिल्ह्याला चिठ्ठी दिली. पुढचं ऑपरेशन महात्मा फुले जनआरोग्य योजनेत झालं, एक रुपया लागला नाही. रेशनकार्ड, आधार आणि लेकराचा जन्माचा दाखला लागतो. दाखल्यावर नाव टाकलेलं नव्हतं म्हणून आमचं अडकलं होतं, बारशाची वाट न बघता नाव टाकून घ्या. आणि दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा, डॉक्टरच्या आधी. योजनेत बसतं का, त्या दवाखान्यात होतं का, सगळं तोच सांगतो. लोक म्हणायलेत सरकारीत कोण करतं असलं बारीक काम, पण पोरांची ही ऑपरेशनं तिथं पुष्कळ होतात. पुण्यात ससून, आणि मुंबईत ट्रस्टचं वाडिया, हे तर नावाजलेलेच.

मध्यमवर्गी

खासगी विम्यावर विसंबणाऱ्यांसाठी: पॉलिसीतलं 'बाह्य जन्मजात व्यंग' हे कलम आधी वाचा. बऱ्याच वैयक्तिक पॉलिसींमध्ये ते वगळलेलं असतं आणि हायपोस्पेडियास नेमका त्यात बसतो. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत बहुधा मिळतं. एचआरला ईमेल करून लेखी उत्तर घ्या, फोनवरच्या 'हो सर'वर जाऊ नका.

लेस्टरकर

इथे इंग्लंडमध्ये आमच्या मुलाचं वर्षाचा झाल्यावर झालं. सकाळी नेला, संध्याकाळी घरी. नळी पिशवीला जोडलेली नव्हती, दोन डायपरांच्या मध्ये मोकळी सोडलेली, आणि आठवड्याने क्लिनिकमध्ये नर्सने काढली. माझ्या सासूबाई पुण्याहून आल्या होत्या, त्यांना पटेचना की ऑपरेशन झालेल्या मुलाला त्याच दिवशी घरी कसं पाठवतात. भारतातल्या मित्राच्या मुलाला आठवडाभर ॲडमिट ठेवलं होतं. दोघांचंही उत्तम झालं. माझ्या मते घर दवाखान्यापासून किती लांब आहे यावर ते ठरावं.

परीट_घडी

हा धागा दोन दिवस वाचतोय, लिहू की नको चाललं होतं. मी तो मुलगा आहे. आता पन्नाशी जवळ आली.

माझं १९८०च्या दशकात झालं, शाळेत होतो. किती वेळा झालं ते आईलाच माहीत. बेंबीखाली पोटातून नळी काढलेली होती आणि तिला बाटली, ती बाटली हातात धरून मी वॉर्डात हिंडायचो. मला कोणीही, कधीही, काय झालंय ते सांगितलं नाही. 'पोटाचं ऑपरेशन' एवढंच. शाळेत मी मधल्या सुट्टीत लघवीला जायचो नाही, घरी येईपर्यंत दाबून धरायचो.

त्या काळी वृषणाच्या पिशवीची कातडी वापरून नळी करायचे. तेव्हा ती मऊ असते, पण वयात आल्यावर तिथे केस येतात, आणि माझ्या बाबतीत ते आत, मूत्रमार्गात आले. सारखं इन्फेक्शन, जळजळ. एकोणिसाव्या वर्षी एका युरॉलॉजिस्टने दुर्बीण घालून पाहिलं आणि पहिल्यांदा मला 'हायपोस्पेडियास' हा शब्द कळला. घरी येऊन आईला विचारलं तर ती रडायला लागली. पुढे ते सगळं काढून नव्याने केलं. आता ती पद्धत राहिलेली नाही, त्यामुळे आजच्या आईबापांनी या भागाला घाबरू नये.

लग्न झालं. होणाऱ्या बायकोला आधी सांगितलं होतं, तिने दोन प्रश्न विचारले आणि विषय संपला. दोन मुली आहेत. धारेला जोर कमी असतो, शेवटी थेंब राहतात, ते दाबून काढावे लागतात. एवढंच.

कृष्णाकाठ, ऑपरेशन लहानपणी करून टाका, चांगल्या माणसाकडून करा. पण लपवू नका. तो सात-आठ वर्षांचा झाला की साध्या भाषेत सांगा, तुला असं होतं, ते नीट केलं, हा व्रण त्याचा आहे. फाइल जपून ठेवा आणि अठराव्या वर्षी त्याच्या हातात द्या. माझी फाइल वाळवीने खाल्ली. कोणती कातडी कुठे लावली हे पुढच्या डॉक्टरला अंदाजाने शोधावं लागलं.

रानजाई

परीट_घडी, लिहिलंत हे फार बरं केलंत. आमच्या मुलाला आम्ही अजून काही सांगितलेलं नाही. या सुट्टीत सांगू.

सातवा_मजला

परीट_घडी यांच्या प्रतिसादाला जोडून. पाठपुरावा हा आपल्याकडचा सर्वांत कच्चा दुवा. नळी निघाली, धार आली, की पालक गायब. छिद्र हळूहळू आवळत जाणं, मूत्रमार्ग अरुंद होणं, वाक परत येणं, हे सगळं नंतर उगवतं, काही वेळा वयात येताना. मूल स्वतःहून शू करायला लागलं की एकदा युरोफ्लोमेट्री करा. यंत्रात शू करायची, बस, टोचाटोची नाही. त्यात धारेचा वेग कळतो. त्यानंतर शाळेच्या वयात एकदा आणि वयात आल्यावर एकदा दाखवा. मधल्या काळात धार बारीक झाली, शू करताना जोर लावतोय, वेळ लागतोय असं दिसलं तर थांबू नका. मोबाइलवर धारेचा व्हिडिओ काढून आणा. ओपीडीत मुलं हमखास शू करत नाहीत.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे प्रतिसाद बायकोने आणि मी एकत्र बसून वाचले. आईलाही डॉक्टरांचा सुरी-पपईचा परिच्छेद वाचून दाखवला. ती 'बरं' म्हणाली, आमच्या घरात याचा अर्थ होकार असतो.

काल सर्जनना पुन्हा भेटलो आणि इथले प्रश्न तसेच विचारले. चिडले नाहीत. अशी ऑपरेशनं दर महिन्याला करतात, फिस्टुला किती होतात तेही सांगितलं, आणि टेबलावर वाक जास्त निघाला तर दोन टप्पे करू म्हणाले. थंडी संपली की करायचं ठरवलंय, म्हणजे सर्दीचा गोंधळ नको. ग्रुप पॉलिसीचं लेखी उत्तर मागवलंय.

दोन शंका उरल्यात. पुढचं मूल झालं तर त्यालाही होईल का? आणि ते दोन डायपर म्हणजे नेमकं काय, कोणी नीट सांगेल का?

सातवा_मजला

पुढचा मुलगा झाला तर शक्यता इतरांपेक्षा जास्त, साधारण दहात एकाच्या आसपास धरा. म्हणजे नसण्याचीच शक्यता मोठी. तेवढ्यासाठी थांबायची गरज नाही.

रानजाई

डायपरचं मी सांगते. आतला त्याच्या मापाचा घ्या आणि पुढे, साधारण शूच्या जागेसमोर, कात्रीने छोटं भोक पाडा. कडेने चिकटपट्टी लावा, नाहीतर आतलं जेल बाहेर येऊन जखमेला लागतं. नळी त्या भोकातून बाहेर काढायची. वरून एक माप मोठा डायपर बांधायचा. शू नळीतून थेंब थेंब बाहेरच्यात पडत राहते आणि शी आतल्यात. म्हणून बाहेरचा दर तीन-चार तासांनी बदला, आणि आतला शी झाल्या झाल्या, लगेच. नळीला ओढ बसू देऊ नका. आणि बाहेरचा डायपर बराच वेळ कोरडा राहिला तर वाट न बघता फोन करा, नळी मुडपलेली किंवा तुंबलेली असते.

कपडे म्हणाल तर पॅंट नकोच. सैल झबलं किंवा वडिलांचा जुना टी-शर्ट. उचलताना पायांमध्ये हात घालून कडेवर घ्यायची सवय असते, ती महिनाभर मोडा, दोन्ही हातांवर आडवा घ्या. वॉकर आणि ढकलायची सायकल माळ्यावर टाका. आणि डायपरचं पाकीट आधीच घरात आणून ठेवा, रात्री अकराला मेडिकल उघडं सापडत नाही.